तुम्ही ठरवता, ते आम्हाला वापरावं लागतं : गटासाठी अ‍ॅप निवडणाऱ्यांना खुलं पत्र

प्रति,
शाळांचे मुख्याध्यापक, संस्थांचे सचिव, ग्रंथपाल, कार्यालयांचे व्यवस्थापक, मेसेजिंग गटांचे अ‍ॅडमिन,
आणि ‘आपण सगळ्यांनी कोणतं अ‍ॅप वापरायचं’ हे इतरांच्या वतीने ठरवणारे सर्व जण

सप्रेम नमस्कार.

गेल्या चार वर्षांत मी रोजच्या वापरातल्या मोठ्या कंपन्यांच्या सेवा एकेक करून सोडत आले आहे. त्यांच्या जागी मुक्त सॉफ्टवेअर घेतलं, म्हणजे ज्यांचा मूळ कोड सर्वांसाठी उघडा असतो असे प्रोग्रॅम. ब्राउझर म्हणून फायरफॉक्स, लिहायला आणि हिशेबाला लिबरऑफिस, मेलसाठी थंडरबर्ड, पासवर्ड ठेवायला बिटवॉर्डन, रस्ता शोधायला ओपनस्ट्रीटमॅपच्या नकाशांवर चालणारं ऑरगॅनिक मॅप्स. व्हिडिओ बघायला व्हीएलसी आधीपासूनच होतं. ते मुक्त सॉफ्टवेअर आहे हे मात्र कित्येक वर्षं वापरल्यावर कळलं. प्रत्येक बदलाला आठवडा-पंधरवडा हात अडखळले, मग सवय झाली. पासवर्ड हलवायला एक संध्याकाळ गेली. फोटोंना दोन महिने लागले, कारण ते उतरवून घेतले तेव्हा त्यांच्या तारखा वेगळ्या फाइलींमध्ये आल्या आणि त्या परत फोटोंना जोडाव्या लागल्या.

हे सगळं माझ्या एकटीच्या हातात होतं, म्हणून झालं. जे राहिलं आहे ते तुमच्या हातात आहे. मुलीच्या शाळेच्या सूचना एकाच मेसेजिंग अ‍ॅपवर येतात. कार्यालयातला रजेचा अर्ज एका ठरावीक कंपनीचं खातं असल्याशिवाय भरता येत नाही. ज्या संस्थेची मी सभासद आहे तिच्या सभांचं इतिवृत्त अशा लिंकवर असतं, की लॉगिन केल्याशिवाय ते वाचताही येत नाही. यातलं काहीच मी निवडलेलं नाही. ते तुम्ही निवडलंत, बहुधा घाईत, बहुधा ‘सगळ्यांकडे असतंच’ म्हणून. तुमच्यावर राग धरून मी हे लिहीत नाही. सहा वर्षं मीही एका वाचकगटाची चिटणीस होते आणि मीही तेच केलं.

त्या गटाची हकिगत आधी सांगायला हवी, कारण हे पत्र तिच्यातूनच आलं आहे. साठेक माणसं, दर महिन्याला एक पुस्तक, त्यावर चर्चा आणि चर्चेचं सविस्तर टिपण. ही टिपणं आम्ही एका मोठ्या कंपनीच्या फुकट सेवेवर ठेवत होतो. माझ्या आधीच्या चिटणिसांनी ती स्वतःच्या खात्यावर सुरू केली होती. आम्हा बाकीच्यांकडे फक्त लिंक. नऊ वर्षांची टिपणं तिथे साठली. मग ते गृहस्थ वारले. लिंक उघडत राहिली, म्हणून कोणाला काही करावंसं वाटलं नाही. मलाही वाटलं नाही, आणि ती जबाबदारी माझी होती. एक दिवस लिंक उघडेना. बराच काळ वापर नाही म्हणून खातं बंद झालं होतं. त्यांच्या पत्नीने अर्ज केला, मृत्यूचा दाखला जोडला. साचेबंद उत्तरं येत राहिली. माणसाशी बोलणं शेवटपर्यंत झालं नाही. शंभराच्या वर टिपणं होती. त्यांतली सतरा कोणाकोणाच्या मेलमध्ये सापडली, बाकीची गेली. त्यांत आमच्यातल्या अशा लोकांचं बोलणं होतं, जे आता परत बोलणार नाहीत.

मुक्त सॉफ्टवेअर वापरलं असतं तर हे टळलं असतं, असं मी म्हणणार नाही. एखाद्याच्या संगणकावर लिबरऑफिसमध्ये ठेवलेली एकुलती एक फाइलही अशीच जाऊ शकते. पण त्या दिवसापासून कुठलीही सेवा समोर आली की मी आधी एवढंच बघते : हे कोणाच्या नावावर आहे, आणि इथून उठायची वेळ आली तर काय बरोबर घेऊन उठता येईल? मुक्त सॉफ्टवेअरकडे मी वळले ती यातल्या दुसऱ्या प्रश्नामुळे.

‘मुक्त’ म्हणजे फुकट, असा समज अजून सर्रास आहे. फुकट तर आमची ती सेवाही होती. मुक्त म्हणजे प्रोग्रॅमचा मूळ कोड, तो ज्या सूचनांनी लिहिलेला असतो त्या ओळी, उघडा असतो. तो वाचायचा, बदलायचा आणि पुढे वाटायचा हक्क परवान्यानेच दिलेला असतो. रिचर्ड स्टॉलमन या अमेरिकी प्रोग्रॅमरने १९८३ मध्ये जीएनयू हा मुक्त सॉफ्टवेअर बनवण्याचा प्रकल्प जाहीर केला तो याच हक्कासाठी. तुम्ही-मी कोड वाचणार नाही, हे खरं. तरी या हक्काचा उपयोग तुम्हा-आम्हालाच कसा होतो, ते २०१० मध्ये दिसलं. ओपनऑफिस हा लिहिण्या-हिशेबाच्या मुक्त प्रोग्रॅमचा संच तेव्हा जगभर वापरला जात होता. त्यामागची सन कंपनी ओरॅकलने विकत घेतली आणि पुढे काय होणार याची धास्ती त्यावर काम करणाऱ्यांना वाटू लागली. त्यांनी सप्टेंबरमध्ये कोडची प्रत घेऊन वेगळी वाट धरली, डॉक्युमेंट फाउंडेशन ही ना-नफा संस्था उभी केली आणि त्याच कोडवरून लिबरऑफिस सुरू केलं. वापरणाऱ्यांच्या जुन्या फाइली नव्या प्रोग्रॅममध्ये तशाच उघडल्या. मालक बदलला, धोरण बदललं, तरी लोकांचं काम अडलं नाही. बंद सॉफ्टवेअरच्या बाबतीत हा रस्ताच नसतो. कंपनीने दिवा मालवला की अंधार.

बंद सेवा संपूनही माणसं सावरली, असंही एकदा झालं आहे. तेही सांगते, कारण त्यातून तुम्ही काय मागायला हवं ते नीट दिसतं. गूगल रीडर १ जुलै २०१३ रोजी बंद झालं. लाखो लोक रोज सकाळी त्यावर बातम्या आणि ब्लॉग वाचत. पण ते ज्या आरएसएसवर, म्हणजे संकेतस्थळांवरचं नवं लिखाण आपोआप पोहोचवण्याच्या पद्धतीवर, चालायचं ती सर्वांसाठी खुली होती, आणि आपण काय काय वाचतो त्याची यादी ओपीएमएल नावाच्या खुल्या फॉरमॅटमध्ये, म्हणजे कोणताही प्रोग्रॅम वाचू शकेल अशा प्रकारच्या फाइलमध्ये, उतरवून घेता येत होती. लोकांनी ती यादी घेतली, दुसऱ्या वाचक-प्रोग्रॅममध्ये टाकली आणि वाचन पुढे चालू ठेवलं. म्हणून तुम्हाला माझी पहिली विनंती सॉफ्टवेअर बदलण्याची नाहीच. फॉरमॅट आणि पत्ता, या दोन गोष्टी आधी तुमच्या ताब्यात घ्या.

पत्त्यापासून सुरुवात करू. किती तरी संस्थांचा अधिकृत मेल पत्ता कुठल्या तरी कंपनीच्या फुकट मेलवरचा असतो, आणि त्याचा पासवर्ड एका पदाधिकाऱ्याच्या फोनमध्ये. स्वतःचं डोमेन, म्हणजे मेल पत्त्यात @ नंतर येणारं स्वतःचं नाव, घ्या, संस्थेच्या नावावर घ्या, आणि नूतनीकरणाची तारीख किमान तिघांच्या वहीत असू द्या. मेल तुम्ही कोणाकडूनही चालवून घ्या, अगदी आज आहे त्याच कंपनीकडून. उद्या ती नको झाली तर डोमेनच्या नोंदी बदलून दुसरीकडे जाता येतं आणि बाहेरच्या जगाला पत्ता बदलल्याचं कळतही नाही. आमच्या वाचकगटाने त्या घटनेनंतर पहिलं काम हेच केलं. त्यानंतर आम्ही मेल चालवणारी कंपनी एकदा बदलली; साठपैकी एकाही सभासदाला काही करावं लागलं नाही.

आता फॉरमॅट. नुसतं वाचायचं असेल ते पीडीएफ करून पाठवा. जे भरून किंवा दुरुस्त करून परत यायचं आहे ते ओडीटी फाइलमध्ये पाठवून बघा. हा फॉरमॅट २००६ पासून आयएसओ या मानकं ठरवणाऱ्या संस्थेचं आंतरराष्ट्रीय मानक आहे, लिबरऑफिस मुळातच त्यात फाइली ठेवतं आणि मायक्रोसॉफ्टचं वर्डही तो उघडतं. ‘आम्ही लिबरऑफिस करून बघितलं, सगळं विस्कटतं’ अशी तक्रार तुम्ही कराल, आणि ती खोटी नाही. पण विस्कटतं का, ते बघण्यासारखं आहे. बऱ्याचदा दोष फॉन्टचा असतो. कॅलिब्री किंवा कॅम्ब्रिया फॉन्ट मायक्रोसॉफ्टचे. ते समोरच्या संगणकावर नसले की दुसरा फॉन्ट येतो, अक्षरांची रुंदी बदलते, ओळी खाली सरकतात आणि एक पानाचा अर्ज दीड पानाचा होतो. यावर उपाय आहे. कार्लिटो आणि कॅलाडिया हे दोन मुक्त फॉन्ट मुद्दाम त्याच मापाने बनवलेले आहेत, ते टाकले की ओळी जागेवर राहतात. दुसरा दोष आपल्या हातांचा. रकाने जुळवायला स्पेसबार दाबत बसायचं आणि नवं पान हवं म्हणून एंटर दाबत सुटायचं, अशी बनवलेली फाइल कुठेही गेली तरी मोडणारच. आपले नमुना-अर्ज एकदा टेबल आणि स्टाइल वापरून नीट बांधून घ्या. हे काम कंटाळवाणं आहे, पण एकदाच करायचं आहे.

मेसेजिंगचा प्रश्न सगळ्यांत अवघड, आणि मला सगळ्यांत टोचणाराही तोच. मेल कुठल्याही कंपनीचा असो, दुसऱ्या कोणत्याही कंपनीच्या मेलवर पोहोचतो, कारण मेल पाठवण्याची पद्धत १९८२ पासून सर्वांसाठी खुली आहे. मेसेजिंग अ‍ॅप तशी बांधलेली नाहीत. एका अ‍ॅपमधून दुसऱ्या अ‍ॅपवर सहसा निरोप जात नाही, म्हणून जिथे गट तिथे माणसाला जावंच लागतं. युरोपीय संघाने याची दखल घेऊन कायदा केला आणि मार्च २०२४ पासून सर्वांत मोठ्या अ‍ॅपवर दुसऱ्या अ‍ॅपसाठी दार उघडण्याचं बंधन घातलं. पण जिथे असा कायदा नाही तिथे, आणि जिथे आहे तिथेही रोजच्या व्यवहारात, दार कुठे असेल हे गटाचा अ‍ॅडमिन ठरवतो.

मी स्वतः सिग्नल वापरते. त्याचा कोड उघडा आहे, ते ना-नफा संस्था चालवते, आणि फेब्रुवारी २०२४ पासून आपला फोन नंबर गटातल्या अनोळखी माणसांना न दाखवता त्यात बोलता येतं. तरीही ‘सगळ्यांना सिग्नलवर आणा’ असं मी तुम्हाला म्हणत नाही. खातं उघडायला त्यालाही फोन नंबर लागतोच, आणि दुसऱ्या अ‍ॅपशी तेही बोलत नाही. साठ माणसांना एका कुंपणातून उठवून दुसऱ्या कुंपणात बसवायचं, आणि ज्यांचे हात आधीच थरथरतात अशा वयस्कर सभासदांना पुन्हा पहिल्यापासून शिकायला लावायचं, हे मला पटत नाही. मला हवं आहे ते दुसरं दार. सूचना अ‍ॅपवर टाकता त्याच वेळी मेलवरही पाठवा, किंवा संस्थेच्या संकेतस्थळावर लॉगिनशिवाय दिसेल अशी ठेवा. गप्पा जिथे चालू आहेत तिथे चालू राहू द्या. उद्या परीक्षा आहे की नाही, सभा कधी आहे, फी भरायची शेवटची तारीख कोणती, या गोष्टी गप्पा नव्हेत. त्या कळण्यासाठी कुणाला एखाद्या कंपनीच्या अटी मान्य कराव्या लागू नयेत. शिवाय अशा अनेक गटांत प्रत्येकाचा नंबर प्रत्येकाला दिसतो, त्याची परवानगी आपण सभासदांना कधी विचारली होती? मी चिटणीस असताना विचारली नव्हती. एका सभासद बाईंना त्यातून महिनोन्‌महिने नकोसे फोन आले, आणि त्यांनी ते मला गट सोडून गेल्यावर सांगितलं.

अर्ज आणि मतचाचण्या खात्याशिवाय भरता येतील अशा ठेवा. क्रिप्टपॅडसारख्या मुक्त सेवेवर अर्ज बनवला तर भरणाऱ्याला नाव-नोंदणी करावी लागत नाही. व्हिडिओ सभेसाठी जित्सी आहे. भाग घेणाऱ्याने लिंक दाबली की ब्राउझरमध्येच सभा उघडते. त्यांच्या सार्वजनिक सर्व्हरवर, म्हणजे सगळ्यांसाठी सभा चालवणाऱ्या त्यांच्या संगणकावर, सभा सुरू करणाऱ्याला मात्र ऑगस्ट २०२३ पासून गूगल, फेसबुक किंवा गिटहब (प्रोग्रॅमर कोड ठेवतात ते संकेतस्थळ) यांपैकी एक खातं वापरावं लागतं, हे आधीच सांगून ठेवते, नाही तर ऐन वेळी गोंधळ होतो. तेही नको असेल तर जित्सी स्वतःच्या सर्व्हरवर बसवता येतं, पण त्यासाठी जाणकार माणूस लागतो.

मोठ्या संस्थांनी हे केलं आहे का, असं तुमच्यापैकी काही जण विचारतील. केलं आहे, आणि जमलं-फसलं दोन्ही झालं आहे. म्युनिक शहराच्या प्रशासनाने २००३ मध्ये विंडोज सोडून लिनक्स या मुक्त ऑपरेटिंग सिस्टिमकडे (संगणक चालवणाऱ्या मूळ प्रोग्रॅमकडे) जायचं ठरवलं. दहा वर्षांनी सुमारे १५,००० संगणक लिनक्सवर आले होते. २०१७ मध्ये तिथल्या नगर परिषदेने मतदान करून परत विंडोजकडे जाण्याचा निर्णय घेतला. फ्रान्सच्या जांदार्मरी या पोलीस दलाने मात्र वेगळा क्रम धरला. आधी २००५ मध्ये ऑफिसचे प्रोग्रॅम बदलले, मग ब्राउझर आणि मेल फायरफॉक्स-थंडरबर्डवर नेले, आणि ते सगळं हातात बसल्यावर २००८ पासून संगणकांची ऑपरेटिंग सिस्टिम बदलायला घेतली. आज त्यांचे बहुतेक संगणक लिनक्सवर चालतात. म्युनिकमध्ये राजकारणही होतं, सगळं खापर क्रमावर फोडता येणार नाही. तरी फ्रेंच दलाचं उदाहरण मला तुमच्यासाठी जास्त कामाचं वाटतं. रोज समोर असणारे प्रोग्रॅम आधी बदलले आणि ते विंडोजवरच वापरून अंगवळणी पडले, की खालची सिस्टिम बदलल्याचं माणसाला फारसं जाणवत नाही. जर्मनीतल्या श्लेसविग-होल्स्टाइन राज्याने २०२४ मध्ये ३०,००० सरकारी संगणकांसाठी लिबरऑफिसपासूनच सुरुवात जाहीर केली.

‘अडचण आली तर फोन कोणाला करायचा?’ हा प्रश्न मला प्रत्येक बैठकीत ऐकायला मिळतो. आमचं खातं बंद झालं तेव्हा आम्हीही फोन कोणाला करायचा हेच शोधत होतो. मुक्त सॉफ्टवेअरला पैसे घेऊन आधार देणाऱ्या कंपन्या आहेत, आणि तो खर्च अंदाजपत्रकात धरायला हवा. फुकट मिळतं म्हणून इकडे वळू नका, ही माझी कळकळीची विनंती आहे. मार्च २०२४ मध्ये फाइली दाबून लहान करणाऱ्या एक्सझेड नावाच्या छोट्याशा मुक्त प्रोग्रॅममध्ये कोणी तरी चोरदरवाजा ठेवल्याचं उघड झालं. हा प्रोग्रॅम जवळपास प्रत्येक लिनक्समध्ये असतो आणि तो मुख्यतः एकच माणूस बिनपगारी सांभाळत होता. तो थकला होता, आणि मदतीला म्हणून आलेल्या तोतयाने दोन वर्षं खपून त्याचा विश्वास मिळवला. आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला लॉगिनला नेहमीपेक्षा अर्धा सेकंद जास्त का लागतो आहे, याची शंका आली; कोड आणि फाइली उघड्या होत्या म्हणून त्यांना मुळापर्यंत जाता आलं आणि चोरदरवाजा सगळीकडे पसरण्याआधी सापडला. उघड्या कोडची ताकद त्यात दिसली, आणि आपण सगळे ज्याच्या खांद्यावर उभे आहोत तो किती एकटा आहे हेही दिसलं. तुमच्या संस्थेने लिबरऑफिस वापरायला घेतलं, तर आधी जी रक्कम परवान्यांवर जात होती तिचा काही भाग तरी दरवर्षी ते बनवणाऱ्यांना पाठवा. आमचा छोटा गटही पाठवतो. रक्कम मोठी नाही, पण ती इतिवृत्तात दरवर्षी नोंदलेली असते.

सगळं एकदम नकोच. या वर्षात फक्त एवढं झालं तरी माझ्यासारख्या अनेकींचा आणि अनेकांचा रस्ता मोकळा होईल : संस्थेच्या नावावरचं डोमेन, सूचनांसाठी लॉगिन न लागणारी एक जागा, आणि दर तीन महिन्यांनी सगळ्या कागदपत्रांची खुल्या फॉरमॅटमधली प्रत, जी दोन वेगवेगळ्या माणसांकडे, दोन वेगवेगळ्या ठिकाणी असेल. ती प्रत उघडते का, हेही कोणी तरी बघायला हवं. आम्ही त्यासाठी दर खेपेला वेगळ्या सभासदाला बसवतो. तो कुठलंही एक टिपण काढतो आणि पुढच्या सभेच्या सुरुवातीला मोठ्याने वाचतो.

ज्या संस्थांची मी सभासद आहे, त्यांच्यासाठी हे काम करायला मी तयार आहे. नमुना-अर्ज नीट बांधून देईन, जुन्या फाइली उतरवून देईन, सभासदांच्या शेजारी बसून शिकवेन. तुम्ही फक्त पुढच्या सभेच्या विषयपत्रिकेवर हा विषय घ्या, आणि विषयपत्रिका मला मेलवर पाठवा.

आपली,
एक सभासद, एक पालक आणि एका वाचकगटाची माजी चिटणीस